आईचं माहेर वाटेत लागलं

"देव कुणकेश्वराक जातत. येतलंस?" एवढं बोलून आईनं फोन ठेवला. रजा, तिकीट, मुलाची तोंडावर आलेली दहावी, सगळं डोंबिवलीत माझं मी निस्तरायचं.

कुणकेश्वर म्हणजे देवगडजवळचं समुद्रकाठचं शंकराचं देऊळ. तिथं महाशिवरात्रीला आमच्या ग्रामदेवतेची स्वारी दरवर्षी निघत नाही. कौल मिळावा लागतो, मानकऱ्यांचं एकमत व्हावं लागतं. आमच्याकडे देव लवकर राजी होतो, मानकरी होत नाहीत. मागच्या खेपेला मी सातवीत होते आणि बाबा निशाणापाठी चालले होते. यंदा बाबा नाहीत. महाशिवरात्रीच्या आदल्या पहाटे देवळात गाऱ्हाणं झालं. "व्हय महाराजा" म्हणताना आईचा आवाज सगळ्यांच्या वर होता.

पुढे ढोल-ताशा, मग अब्दागीर, निशाण, तरंगं म्हणजे लुगडी नेसवलेल्या देवाच्या काठ्या, आणि सगळ्यात शेवटी आम्ही बायका. तरंगाला बाईनं हात लावायचा नाही. मला हे पटत नाही. पण मार्चच्या उन्हात कातळावरून अनवाणी चालताना वाद घालायला जीव तरी उरला पाहिजे. सकाळी दहापर्यंत पाय भाजू लागले. डांबराच्या कडेचं गवत शोधत मी नाचल्यासारखी चालत होते. आई सरळ चालत होती. मध्येच थांबून तिनं पिशवीतून खोबरेलाची बाटली काढली, माझे तळवे चोळले आणि म्हणाली, "मुंबयचे पाय."

वाटेत प्रत्येक वाडीत कुणी ना कुणी पाणी आणि गूळ घेऊन उभं. दुपारी एका देवळात डाळ-भात आणि काळ्या वाटाण्याची उसळ. ज्याच्या कमरेला तरंग होतं तो मुलगा एरवी गावात रिक्षा चालवतो. तोच पंगतीत बसल्यावर म्हातारे हात जोडत होते. जेवून उठल्यावर त्यानं माझ्याकडे मोबाईलचा चार्जर मागितला.

तिसऱ्या प्रहरी मिठबावच्या अलीकडच्या एका वाडीत शिरलो आणि आईची चाल बदलली. तोवर ती माझ्या मागे होती, आता पुढे. ही तिची वाडी. लग्न १९७९चं, तेव्हापासून इथं आली ती बारशाला, बाराव्याला, गणपतीत एक रात्र. सोबत सासरचं सगळं गाव आणि गावचा देव घेऊन माहेरी जायची पाळी कुणावर येते?

मामानं खळ्यात मांडव घातला होता. घंगाळातून पाणी घेऊन त्यानं आधी तरंगांचे पाय धुतले, मग मानकऱ्यांचे. मग गर्दीतून वाट काढत मागे आला आणि आईसमोर खाली बसला. "बाय, दमलंस?" तिच्या टाचांच्या भेगांतली लाल माती तो अंगठ्यानं काढत होता. मामीनं ओटी भरली, डोळे पुसले. सगळं खरं होतं. म्हणूनच पुढचं लिहायला जड जातं.

वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हिस्सा महाराष्ट्रात १९९४लाच मिळाला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. आई त्यातलीच. २००५ला केंद्राच्या कायद्यानं तो अडसर गेला, आणि काही महिन्यांतच मामा आमच्याकडे आला. हातात मिठाई, पिशवीत हक्कसोडपत्र. आईनं त्याला जेवायला वाढलं आणि सही केली. बाबा ओटीवर बसून होते, काही बोलले नाहीत. आईचं नाव सातबाऱ्यावर कधी चढलंच नाही.

पंगत वाढेपर्यंत आई घराच्या वरच्या अंगाला गेली, मी मागोमाग. तिथं सगळा कातळ. आजोबांनी सुरुंग लावून खड्डे पाडले, लांबून माती आणून भरली आणि हापूसची कलमं लावली. ती माती टोपलीतून वाहणारी मुलं म्हणजे आई आणि तिच्या बहिणी. मामा तेव्हा रांगत होता. आई एका कलमाच्या खोडावर हात ठेवून उभी राहिली. मोहोर अर्धा गळलेला, देठाला सुपारीएवढ्या कैऱ्या. तेवढ्यात झोपडीतून नेपाळी राखणदार आला. बाग करारावर दिलेली, झाडावरचं फळ आता मामाचंही नाही. त्याला ही बाई कोण ते ठाऊक असायचं कारण नव्हतं. तो काही बोलला नाही, फक्त बघत राहिला. आईनं खाली पडलेली एक कैरी उचलली, त्याला लांबूनच दाखवली आणि पदराच्या टोकाला बांधली.

मामा म्हणत होता, घरात झोप. ती स्वारीतल्या बायकांबरोबर देवळात झोपली. अंधारात मी विषय काढला. माझ्या भावानं असाच कागद तयार करून ठेवलाय, बाबा गेल्यानंतरचा. भाऊ वाईट नाही. बाबांच्या आजारपणात तोच होता, आईला तोच बघतो, आणि मी वर्षातून दोनदा येऊन मासे खाऊन जाते. हे मी आईला सांगितलं, की स्वतःलाच?

"तुका व्हया काय?" तिनं विचारलं.

"माहीत नाही."

बराच वेळ शेजारणीचं घोरणं ऐकत पडलो होतो. मला वाटलं आई झोपली. तेवढ्यात म्हणाली, "सही करशीत तर वाचून कर. मी वाचूक नाय."

दुसऱ्या दिवशी कातवणवरून कुणकेश्वर. गर्दीचं वर्णन करत नाही, सगळ्यांनी फोटो पाहिलेत. रांगेतल्या धक्क्यांत आईची पिशवी फाटली आणि देवासमोर मी जे मागायचं ठरवलं होतं ते विसरले.

तीर्थस्नान अमावास्येच्या पहाटे. आमच्या किनाऱ्यावर अमावास्येची भरती दुपारच्या सुमाराला येते, त्यामुळे त्या वेळी समुद्र मागे हटलेला असतो आणि खडकातली शिवलिंगं उघडी पडतात. ओल्या वाळूत बरंच चालावं लागलं. वेगवेगळ्या गावांची तरंगं एकामागोमाग पाण्यात उतरत होती, ओली लुगडी काठ्यांना चिकटलेली. आमचे देव न्हाऊन वर आले, मग आम्ही उतरलो. खारं पाणी लागून माझ्या पायाचे फोड असे चुरचुरले, की मी देवाचं नाव सोडून भलतंच काही बोलले. आई हसली. बाबा गेल्यापासून ती अशी हसलेली मी पाहिली नव्हती.

बाहेर येऊन तिनं पदराची गाठ सोडली. कैरी सुरकुतली होती. ती समुद्राच्या पाण्यात बुडवून तिनं दातानं तोडली.

"तुरट आसा," म्हणाली, आणि उरलेली माझ्या हातात दिली.