आंब्याच्या फळीतली रेझिनची नदी : दुसऱ्या थरापर्यंतची नोंद

फळी ४० बाय २५ सेंटिमीटर, जाडी २० मिलिमीटर. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधल्या आंब्याच्या दोन पट्ट्या, सालीकडच्या वेड्यावाकड्या कडा आत, मध्ये सरासरी ५ सेंटिमीटरची फट. ही फट पारदर्शक इपॉक्सी रेझिन ओतून भरायची, तीच ‘नदी’. साचा सनमायका लावलेल्या प्लायचा, आतून ब्राऊन पॅकिंग टेप (तिला इपॉक्सी चिकटत नाही), सांध्यांना सिलिकॉन.

रेझिनचा हिशोब: ४० × ५ × २ = ४०० घन सेंटिमीटर. घनता १.१ धरली तर ४४० ग्रॅम. कप-काडीला चिकटणारं आणि लाकडात मुरणारं धरून दहा टक्के जास्त, म्हणजे ४८४ ग्रॅम. या किटमध्ये रेझिन आणि ते घट्ट करणारा हार्डनर यांचं प्रमाण वजनाने ३:१. दोन थर असल्यामुळे प्रत्येक थराला रेझिन १८१.५ ग्रॅम, हार्डनर ६०.५ ग्रॅम. डब्यावर प्रमाण वजनाने दिलंय की मापाने, ते आधी बघा. हार्डनर रेझिनपेक्षा हलका असतो, त्यामुळे दोन्ही आकडे एक नसतात. इथे चूक झाली तर थर कायमचा चिकट राहतो.

लाकडातली हवा

पारदर्शक ओतकामात सगळ्यात जास्त त्रास लाकडातल्या हवेचा होतो, आणि कप ढवळण्यावर तासभर चर्चा करणारे नेमकं हेच विसरतात. आंब्याची छिद्रं मोठी. उघड्या लाकडावर रेझिन ओतलं की ते छिद्रात शिरतं आणि आतली हवा वर येते. कडेला डोळा लावून पाहिलं तर एकाच छिद्रातून मोहरीएवढे बुडबुडे ओळीने सुटताना दिसतात. एक फुटला की पाच-सात सेकंदांत दुसरा हजर. रेझिन घट्ट होताना निघणाऱ्या उष्णतेने लाकूड तापतं, हवा आणखी फुगते, आणि टॉर्च (वरचे बुडबुडे ज्योतीने फोडायची गॅसची बत्ती) बाजूला ठेवल्यावर दोन तासांनी बुडबुडे येतच असतात.

म्हणून आधी सील कोट, म्हणजे छिद्रं बुजवणारा रेझिनचा पातळ हात. हीट गनने कडा हाताला चांगल्या कोमट लागेपर्यंत तापवल्या, गन बंद केली, आणि लाकूड निवत असताना ब्रशने पातळ हात दिला (१८ अधिक ६ ग्रॅम, रंग न घालता). निवताना छिद्रातली हवा आकसते आणि रेझिन आत ओढून घेते. थंड लाकडावर लावून नंतर तापवलं तर नेमकं उलटं होतं. दुसरा हात साडेचार तासांनी, म्हणजे हातमोज्याचं बोट दाबल्यावर ठसा उमटतो पण तार सुटत नाही, त्या वेळी. आडव्या कापलेल्या टोकांना तिसरा हात लागला, कारण तिथे छिद्रं थेट उघडी असतात.

पहिला थर

खोलीत २६ अंश, आर्द्रता ८२ टक्के. पुण्यातला जुलै इपॉक्सीला सोयीचा नाही. दमट हवेत पृष्ठभागावर मेणचट साय धरते. ती पॉलिश पेपरने घासण्याआधी कोमट पाण्याने धुऊन काढावी लागते, नाहीतर पुढचा थर नीट धरत नाही.

रेझिनची बंद बाटली ४० अंशांच्या पाण्यात १५ मिनिटं ठेवली, हार्डनर खोलीच्याच तापमानाला. या खटाटोपाचं कारण आकड्यांत आहे. बुडबुड्याचा वर येण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गावर चालतो. साधारण १००० सेंटिपॉइज दाटपणाच्या रेझिनमध्ये १ मिलिमीटरचा बुडबुडा १० मिलिमीटर थर १७ सेकंदांत पार करतो, ०.१ मिलिमीटरच्याला जवळपास २८ मिनिटं लागतात. ०.०५चा असेल तर पावणेदोन तासांच्या वर, तोवर झटपट घट्ट होणारं रेझिन थिजलेलं असतं. म्हणजे कपातल्या मिश्रणात डोळ्यांना न दिसणारा फेस हाच खरा शत्रू, आणि तो जोरात ढवळण्यातून तयार होतो. कोमट रेझिन पातळ असतं, त्यामुळे सगळेच बुडबुडे लवकर वर येतात. मात्र दर १० अंशांना रेझिन घट्ट होण्याआधीची हातातली वेळ साधारण निम्मी होते, तेव्हा ४०च्या वर जाऊ नका.

ढवळायला चपटी काडी, बोरी आळीत मिळणाऱ्या आइस्क्रीमच्या काड्या चालतात. काडी तळापासून न उचलता चार मिनिटं सावकाश फिरवली, कडा आणि तळ खरवडत. मग सगळं दुसऱ्या कोरड्या कपात ओतून आणखी एक मिनिट. पहिल्या कपाच्या कडेला अर्धवट मिसळलेलं रेझिन राहतं, ते साच्यात खरवडायचं नाही. पाच मिनिटं विश्रांती, त्यापेक्षा जास्त नको, कारण कपातल्या जाड गोळ्यात उष्णता कोंडते.

ओतताना कप साधारण ३० सेंटिमीटर वर धरून, शिवणाच्या दोऱ्याएवढी बारीक धार, एकाच कोपऱ्यात. धार ताणली जाते तेव्हा मोठे बुडबुडे वाटेतच फुटतात. सगळीकडे फिरवून ओतलं तर कडेखाली हवा अडकते.

टॉर्च: १२ सेंटिमीटर अंतर, ज्योत सतत सरकती, एका जागी सेकंदभरसुद्धा नाही. पहिल्यांदा ३ मिनिटांनी, मग १०, मग २५. उष्णतेने वरची कातडी पातळ होते आणि बुडबुडा फुगून फुटतो. खोलातला बुडबुडा टॉर्चने वर येत नाही. ज्योत जास्त वेळ थांबली तर कातडी आधी धरते आणि खालचे बुडबुडे कायमचे अडकतात. काहीजण आयसोप्रोपिल अल्कोहोलचा फवारा मारतात. तो मारला असेल तर टॉर्च हातातही घेऊ नये, पेट घेतो.

व्हॅक्यूमबद्दल

लाकडाच्या कामाला व्हॅक्यूम चेंबर (हवा उपसून बुडबुडे काढायचं भांडं) लागत नाही. साच्यासकट लाकूड आत ठेवलं तर त्यातून हवा निघतच राहते. फक्त कपातल्या मिश्रणासाठी वापरायचा असेल तर कप एक चतुर्थांशच भरा, फेस तीन-चार पट चढतो आणि मग एकदम बसतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे, हवेचा दाबच मुळात २८ इंच पाऱ्याच्या आसपास. व्हिडिओत पंपाच्या मापकाचा काटा २९च्या पुढे दिसतो आणि इथे २८शी थांबतो, म्हणून पंप परत करायला जाऊ नका. दाबाच्या भांड्याऐवजी (त्यात उलट हवा भरून बुडबुडे आकसवतात) स्वयंपाकाचा कुकर मात्र कुणीही वापरू नये. त्याची शिट्टी साधारण १५ पीएसआयला उघडते आणि बुडबुडे आकसायला ४० लागतात.

दुसरा थर आणि दुरुस्ती

पहिला थर दाबून घट्ट पण नखाने ठसा उमटेल असा असताना, १४ तासांनी दुसरा ओतला. पूर्ण वाळला असता तर धुऊन २२० नंबरने घासावं लागलं असतं.

साचा सोडल्यावर डाव्या कडेजवळ सालीच्या खळग्याखाली एक पोकळी दिसली, ज्वारीच्या दाण्याएवढी. तिथे सील कोटचा ब्रश पोचलाच नव्हता. १.५ मिलिमीटरच्या ड्रिलने तिरपं छिद्र पाडलं, भुकटी फुंकून आणि अल्कोहोलने पुसून काढली (राहिली तर पांढरं कडं दिसतं), अल्कोहोल उडू दिलं. मग १८ नंबरच्या सुईने कोमट रेझिन तळापासून भरत वर आणलं. वरून थेंब टाकला तर खालची हवा निघायला वाट राहत नाही. वर किंचित फुगवटा ठेवला, तो ३२० नंबरने सपाट होतो.

घासल्यावर पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे उघडे पडलेत. त्यांवर थेट जाड फ्लड कोट (सगळा पृष्ठभाग झाकणारा शेवटचा थर) ओतला तर प्रत्येक खड्ड्यातून एक बुडबुडा उठेल. आधी प्लास्टिक कार्डाने १५ ग्रॅम रेझिन घासून खड्डे बुजवायचे आणि ते चिकट असताना १.५ मिलिमीटरचा फ्लड कोट, १६५ ग्रॅम. तो आर्द्रता ७०च्या खाली आलेल्या दिवशी.