मसाई पठार: गाडी म्हाळुंग्यातच लावा, कुणाचं ऐकू नका

आधी निकाल सांगतो. ऑक्टोबरात पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर जाणार असाल तर गाडी खाली म्हाळुंगे गावात लावा आणि चालत चढा. "गाडी पार मसाईच्या देवळापर्यंत जाते" असं कोण म्हणालं तर त्याला एवढंच विचारा, कुठल्या महिन्यात गेला होतास?

मी आमच्या दाजींना हे विचारलं नाही. दाजी म्हणाले, "निवांत जाते रे, डोळे झाकून घाल." मागनं कळलं, ते मे महिन्यात गेले होते. तेही बुलेटवर.

दोन दिवस काढून निघालेलो, मी, बायको आणि आई. पहिला दिवस राधानगरी. धरण बघितलं, जेवलो, परत आलो, त्यात लिहिण्यासारखं काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कोल्हापूरचा शिवाजी पूल, केर्ली, वाघबीळ, पन्हाळा. वाघबीळला पोटभर खाऊन घ्या, आम्हाला वर चहासुद्धा मिळाला नाही. पन्हाळ्याहून म्हाळुंग्यापर्यंत रस्ता अरुंद आहे, समोरून गाडी आली तर मागं घ्यावी लागते, एवढंच.

म्हाळुंग्याच्या पुढचा चढ पहिल्या गिअरमध्ये निघाला आणि तिथंच मी फसलो. वर आल्यावर समोर नुसतं सपाट. वाटलं, झालं, जिंकलो! आदल्या संध्याकाळी परतीचा पाऊस पडलेला, त्याचा विचारच केला नाही. मसाई म्हणजे जांभ्याचा सडा, म्हणजे उघडा सपाट कातळ. कातळावर पाणी लवकर मुरत नाही, खळगा असेल तिथं साठतं, आणि त्या खळग्यात तांबडी माती. वरून गवत. गाडीतून बघितलं की सगळं एकसारखं दिसतं, कातळ कुठला आणि राड कुठली कळत नाही. चाकोरीत पाणी दिसलं म्हणून शहाणपणा करून गाडी शेजारच्या गवतावर घातली, आणि डावं पुढचं चाक बसलं. रेस केली तसं आणखी बसलं. चाकाखाली पायातलं मॅट घातलं, ते उडून थेट बायकोच्या नडगीवर.

आई खाली उतरली, एका दगडावर बसली, चिवड्याचा डबा उघडला आणि म्हणाली, "देवीला चालत यायचं असतंय. गाडी कशाला घातलास?"

फोनला रेंजची एकच काडी. तासाभरानं ट्रॅक्टर आला. फोनवर पाचशे ठरलेले, साखळी अडकवल्यावर दीड हजार झाले. घासाघीस करून बाराशे दिले. काम चार मिनिटांचं! तेव्हा साखळी लागायच्या आधी ट्रॅक्टरवाल्याकडून आकडा वदवून घ्या. आणि टो हुक गाडीच्या टूलकिटमध्ये आहे का ते घरातूनच बघून निघा. बंपरवरचं छोटं झाकण काढून तो पिळायचा असतो. आमचा सापडला नाही, साखळी दिसेल तिथं अडकवली, आणि खालचं एक प्लास्टिक पठारावरच राहिलं.

गाडी निघाल्यावर चाकाच्या चरात बघितलं तर सीतेची आसवं चिरडलेली. बोटाच्या पेराएवढं निळं-जांभळं फूल. या पातळ मातीत पोषण नसतं म्हणून मातीखालच्या बारीक फुग्यांत किडे पकडून जगणारी ही वनस्पती. आम्हाला जेवढी दिसली तेवढ्यातली निम्मी आमच्याच टायरखाली गेली असावीत. बाराशेपेक्षा हे जास्त लागलं.

फोटोतला फुलांचा गालिचा हवा असेल तर सप्टेंबरात जा. आम्हाला सोनकी तुरळक दिसली, तेरडा वाळलेला, बाकी पिवळं पडत चाललेलं गवत. पण गाडी कडेला कातळावर लावून देवळाकडं चालत निघालो आणि सगळा राग उतरला. काय वारा, काय मोकळं! मागं पूर्वेला पन्हाळा, पलीकडं जोतिबाचा डोंगर, उत्तरेला वारणेचं खोरं. जुलै १६६० मध्ये शिवाजी महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटून विशाळगडाकडं गेले ते याच पठारावरून, रात्री, भर पावसात. मला दिवसाउजेडी गाडीतून जमलं नाही.

माणशी दोन लिटर पाणी घ्या. ऊन ऑक्टोबरचं, सावलीला झाड जवळपास नाही. दुपारी ढग दाटायला लागले की मुकाट्यानं खाली उतरा, उघड्यावर वीज ही थट्टा नाही, आणि आडोसा म्हणजे फक्त देऊळ. पांडवदऱ्याची लेणी बघायची होती, पण घसरड्या वाटेनं आईला न्यायची हिंमत झाली नाही. चप्पल घालून येणाऱ्यांनी नादाला लागू नका.

आणि तांबडी माती वाळायच्या आत गाडी धुवा. आम्ही दुसऱ्या दिवशी नेली तर धुणाऱ्यानं दोनशे जास्त घेतले. दाजींना सगळं सांगितलं. म्हणाले, "मग बुलेटनं जायचं नाही का?"