आरएक्स १००, सड्यावरची गाडी: चोरटी हवा अखेर सापडली

यामाहाच्या या जुन्या टू-स्ट्रोक मोटरसायकलचं मागच्या नोंदीतलं दुखणं सुटलं. थ्रॉटल सोडला तरी इंजिन खाली उतरायचं नाही, गरम झालं की आयडल (थ्रॉटल सोडल्यावरची संथ चाल) आपोआप चढायचा आणि प्लगचं टोक पांढरंफटक, म्हणजे मिश्रणात हवा जास्त. दोष हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरात नव्हताच.

एअर स्क्रू दीड आटा, सुई एक खाच वर, मेन जेट (पेट्रोलचं मुख्य छिद्र) दोन पायऱ्या मोठा, रीडच्या (एकतर्फी झडपेच्या) पाकळ्या आणि कार्बोरेटर-इंजिन जोडणाऱ्या मॅनिफोल्डचं रबर नवं. प्रत्येक बदलाने तेवढ्यापुरता फरक. जेटने भागत नसेल तर हवा दुसरीकडून शिरतेय, हे टू-स्ट्रोकवाल्यांना सांगायला नको. चार्ज, म्हणजे हवा-पेट्रोलचं मिश्रण, क्रँककेसमधूनच (पिस्टनखालच्या बंद कप्प्यातून) ओढला जातो, त्यामुळे तिथली बारीकशी फट आयडलला सगळ्यात जास्त जाणवते.

प्रेशर टेस्ट, म्हणजे इंजिनाची तोंडं बंद करून आत भरलेली हवा टिकते का ते पाहणं, आधीच झाली होती. एक्झॉस्टवर रबर आणि पत्री, मॅनिफोल्डच्या तोंडावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि पट्टी, ऑटोल्यूबची (तेल पुरवणारी) नळी येते ते भोकही बंद, पिस्टन पार तळाला. जुना १४ मिमीचा प्लग पोकळ करून त्यात निपल झाळलेला, त्याला बीपीच्या मशीनचा फुगा आणि घड्याळ. २६० मिमीवर, म्हणजे साधारण ५ पीएसआयला, काटा सहा मिनिटं जागचा हलला नाही. (याहून फारसं वर जाऊ नये, सील जागेवरून सुटतं.) म्हणून दोन्ही क्रँक सील (क्रँकशाफ्ट केसमधून बाहेर येतो तिथल्या रबरी कड्या) यादीतून वगळले गेले, आणि सगळा वेळ तिथेच वाया गेला.

सीलच्या ओठाची स्प्रिंग आतल्या बाजूला असते. आतून दाब आला की ओठ शाफ्टला आणखी आवळतो, म्हणजे प्रेशर टेस्ट सीलला मदतच करते. चालत्या इंजिनात पिस्टन वर जाताना आत पोकळी होते आणि बाहेरची हवा ओठाला उचलून आत घुसते. म्हणून टेस्ट दोन्ही बाजूंनी हवी.

पोकळीसाठी फ्रीज दुरुस्तीवाल्यांकडचं निळं कंपाउंड गेज (दाब आणि पोकळी दोन्ही दाखवणारं घड्याळ), मत्स्यालयाचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आणि ६० मिलीची सिरिंज. त्यांचा व्हॅक्यूम पंप इथे लावू नये, फार जोरकस असतो. सिरिंजने १० इंच पारा एवढी पोकळी ओढली, अर्ध्या मिनिटात काटा २ वर! डाव्या बाजूचा मॅग्नेटो (वीज बनवणारं चाक) आणि त्याच्या आतली स्टेटर प्लेट काढून सीलच्या ओठाभोवती ग्रीसचा जाड लेप दिला, पुन्हा ओढलं, काटा थांबला. डावं सील.

पण हे सील नवंच होतं. ते काढून टॉर्च मारल्यावर खरं कारण दिसलं. ओठ फिरतो तिथे शाफ्टवर एक चकचकीत रेघ, आणि तिला चिकटून गंजाचे खसखशीएवढे खड्डे, तीनचार ठिकाणी. नख फिरवलं की अडकतं. पावसाळाभर पडवीत उभी गाडी, खारं वारं, मॅग्नेटो कव्हरमध्ये साचलेला दमटपणा. शाफ्ट असा असेल तर सील कितीही नवं घाला, गळणारच.

उपाय सोपा निघाला. बेअरिंगवर चिंधी कोंबून १००० नंबरच्या पॉलिश पेपरची बोटभर पट्टी तेलात भिजवून शाफ्टभोवती गोल फिरवायची, नंतर २०००. आडवी घासायची नाही, आडव्या ओरखड्यांतून हवा वाट काढते. खड्डे पुरते जात नाहीत. म्हणून नवं सील तळापर्यंत न दाबता १ मिमी बाहेर ठेवलं, ओठ कोऱ्या धातूवर आला. स्टेटर प्लेट घासत नाही ना, ते पाहूनच पुढे जावं. बसवताना शाफ्टवरच्या कीच्या खाचेवर सेलोटेप गुंडाळायची, नाहीतर तिची धार ओठ कापते. ओठाला ग्रीस, आणि सीलच्या बाहेरच्या कडेएवढ्या पाइपने सरळ ठोकायचं.

सीलबद्दल एक ठाम मत: पाकिटावर मेकर नसलेलं बाजारातलं सील घेऊ नका. त्याचा ओठ हाताला कडक लागतो आणि स्प्रिंग सैल असते. सीलवर छापलेलं माप जुन्याशी ताडून घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील.

आता १० इंच सहा मिनिटांत ९ वर येतंय. पहिल्या किकला सुरू, थ्रॉटल सोडताच आवाज खाली, आणि आयडलची ती ओळखीची रिंग-डिंग अगदी एका तालात. मेन जेट लगेच एक पायरी उतरवावा लागला, कारण तो गळती झाकायला मोठा केला होता. दुसरी पायरी राखली आहे: ई२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलला मिश्रण थोडं रिच, म्हणजे जास्त पेट्रोलचं, लागतंच, आणि लिटरला ३० मिली टूटी (टू-स्ट्रोकचं) तेल घातलं की तेवढं पेट्रोल कमी जातं. प्लग आता चहाच्या रंगाचा.

पुढचा बेत मोनोशॉकचा, म्हणजे मागे एकच शॉक अॅब्सॉर्बर बसवण्याचा, होता. १९७३ साली यामाहाने त्यावरच २५० सीसीचं मोटोक्रॉस विश्वविजेतेपद घेतलं, मोह होणारच. पण चेसिस कापून झाळण्याआधी हे इंजिन पुढच्या पावसातून वाचवणं महत्त्वाचं, म्हणून तो मागे. आगोटीला, म्हणजे पाऊस लागण्याआधी, प्लगच्या भोकातून ५ मिली टूटी तेल, चार किक, एक्झॉस्ट आणि कार्बोरेटरची तोंडं बंद, फ्लोट बाउल (कार्बोरेटरची पेट्रोलची वाटी) रिकामा.

लिहिता लिहिता आणखी एक सुचलं: मॅग्नेटो कव्हरच्या तळाला ३ मिमीचं भोक. साचलेलं पाणी उतरेल, आणि उन्हाळ्यात जांभ्याची लाल धूळ आत जाऊ नये म्हणून रबरी बूच. हे आधी होईल. एक्झॉस्ट पोर्टला फाइल लावायची ती उजवं सीलही ग्रीसने तपासल्यावर.