डिझेल लागत नाही, मग पैसे कशाचे?

ग्लायडिंग क्लबानं उडायचे पैसे कसे लावावेत, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मी ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, उडवतो हे लातुरात कुणाला कळलं, की पहिला प्रश्न ‘खाली पडत नाही का?’ आणि दुसरा पैशाचा. आमच्या दाजींनी तो सोयाबीनची मळणी चालू असतानाच विचारला, ‘पाव्हणं, इंजिन न्हाई, डिझेल न्हाई, मग पैसे कशाचे घ्यायलेत?’

दाजी, डिझेल जळतं, पण खाली. हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर मी ते पहिल्यांदा पाहिलं. धावपट्टीच्या एका टोकाला ग्लायडर, दुसऱ्या टोकाला विंच, म्हणजे दणकट इंजिन आणि दोर गुंडाळणारा ड्रम. ड्रम फिरला की ग्लायडर पतंगासारखं चढतं आणि 1000 फुटांच्या आसपास दोर सोडून देतं. दोर आणि ग्लायडर यांच्यामध्ये धातूची एक छोटी पट्टी असते. ताण वाढला तर ग्लायडरच्या आधी तिनं तुटायचं, एवढंच तिचं काम. दोर झिजतो, तुटतो, सांधावा लागतो. हा सगळा खर्च पहिल्या मिनिटातच होऊन जातो. पुढे तुम्ही वर सहा मिनिटं राहा नाहीतर दोन तास, विंचला त्याचं काही नाही.

म्हणून मी म्हणतो, दर उड्डाणावर लावा. मळणीवाला पोत्यावर घेतो, जेसीबीवाला तासावर. ग्लायडरचं मळणीसारखं आहे. एका क्लबात, नाव नको, मिनिटावर पैसे लागायचे. एप्रिलची दुपार होती, खाली नांगरलेलं रान तापलेलं. शेजारी एक घार पंख न हलवता गोल गोल वर चाललेली. गरम हवा कुठून वर येतेय ते तिनंच दाखवलं. तिच्यामागे मीही वळलो, उंचीचा काटा सरकायला लागला, आणि माझं लक्ष घड्याळाकडे! चाळीस मिनिटांनी खिशाचा अंदाज घेऊन उतरलो. घार वरच होती. हवा साथ देईल त्याच दिवशी शिकणाऱ्याला भुर्दंड, ही कुठली रीत?

किती तास उडालं याचा हिशेब ठेवावा लागतोच, नाही असं नाही; उडून उडून धातू थकतो. 2010 मध्ये ऑस्ट्रियात एका एल-13 ब्लानिकचा पंख हवेत तुटला आणि त्या जातीची ग्लायडरं जगभर जमिनीवर बसली. पण तपासणी, विमा, हँगर हे वार्षिक वर्गणीतून काढावं. भाकड गाईलाही चारा लागतोच, तसा पावसाळ्यात बसलेल्या ग्लायडरलाही हा खर्च चुकत नाही.

आता नुसती चक्कर मारून येणारे. त्यांच्याकडून मी दुप्पट घेईन. शिकणारं पोरगं दिवसभर उन्हात ग्लायडर ढकलतं, पंखाचं टोक धरून पळतं, दोर ओढून आणतं, तेव्हा त्याच्या वाट्याला तीन उड्डाणं येतात. पाहुणा येतो, बसतो, फोटो काढतो, जातो. मात्र तोच पुढे सभासद झाला तर जादा घेतलेले पैसे वर्गणीत वळते करावेत. आणि शिकवणाऱ्याला थोडंफार मानधन द्या. फुकट शिकवणारा मोठ्या मनाचा असतो, पण लग्नसराईतल्या रविवारी तो सापडत नाही.

दाजींनी सगळं ऐकलं, पोत्याचं तोंड शिवलं आणि म्हणाले, ‘आक्का अन् मी दोघं आलो तर काय कमी करताल?’