पत्रं जाळायची की ठेवायची?

एफी ब्रीस्टचा मला राग येतो तो तिने नवऱ्याला फसवलं म्हणून नाही. तिने प्रियकराची पत्रं ठेवलीच का, म्हणून येतो.

टेओडोर फोंटाने या जर्मन लेखकाची ‘एफी ब्रीस्ट’ ही कादंबरी १८९५ची. १७ वर्षांच्या एफीचं लग्न होतं ३८ वर्षांच्या इन्स्टेटनशी, जो एके काळी तिच्या आईच्याच प्रेमात होता. बाल्टिक किनाऱ्यावरचं कंटाळवाणं गाव, कामात बुडालेला नवरा, मग मेजर क्रांपास. प्रकरण संपतं, बिऱ्हाड बर्लिनला जातं, सहाएक वर्षं उलटतात. एफी हवापालटाला गेलेली असताना लेक पडते, जखमेला पट्टी शोधायला शिवणकामाचं टेबल फोडतात आणि पत्रांचा गठ्ठा हाती येतो. कादंबरीतलीच एक खवचट बाई नंतर विचारते, घरात शेगड्या कशासाठी असतात? अगदी माझ्या मनातलं!

इन्स्टेटनला खरं तर सूड नकोय, बायकोवर प्रेमही आहे. पण तो मित्राला बोलावून सगळं सांगतो आणि अडकतो. आता कुणाला तरी ठाऊक आहे, म्हणजे माघार नाही. क्रांपास द्वंद्वात मरतो, एफीला घटस्फोट, मुलगी बापाकडे. सरंजामी अब्रूचा हा हिशेब इतक्या थंडपणे मांडलेला मी दुसरीकडे वाचलेला नाही.

फोंटानेला ही गोष्ट सुचली ती एलिझाबेथ फॉन आर्डेनवरून. तिच्या नवऱ्याने १८८६मध्ये असंच द्वंद्व केलं होतं. एफी कादंबरीत तरुणपणीच झिजून मरते. एलिझाबेथ मात्र परिचारिका झाली आणि १९५२पर्यंत, ९८ वर्षं जगली. लेखकाने तिला मारायची घाई केली, असं माझं मत.

त्याच्याच १८८८च्या ‘इरुंगेन, विरुंगेन’मध्ये सरदार घराण्यातला बोटो पत्रं जाळतो. घरच्या कर्जापायी त्याने श्रीमंत केटेशी लग्न केलंय, पत्रं जुन्या प्रेयसीची, कष्टकरी लेनेची. राख झाल्यावर स्वतःशीच कबूल करतो की बांधलेला तो आहेच. म्हणजे शेगडीनेही काही सुटत नाही.

लेने मात्र होणाऱ्या नवऱ्याला, गिडेऑनला, आधीच सगळं सांगून टाकते. हा पठ्ठ्या चौकशीला थेट बोटोच्या घरी जातो! बोटो तिची तोंडभरून स्तुती करतो. मला हा प्रसंग जरा अवघडल्यासारखा वाटतो, पण या दोन्ही कादंबऱ्यांतलं टिकेल असं वाटणारं लग्न हे एवढंच.