मे महिन्यात नागपूर ते सेवाग्राम सायकलने : उन्हाचे नियोजन

विदर्भात उन्हाळी सायकलप्रवास करू नये, असे सांगणारे पुष्कळ भेटतात आणि दुपारपुरते त्यांचे म्हणणे अगदी खरे आहे. मात्र नागपूर ते सेवाग्राम हे सुमारे 75 ते 80 किलोमीटरचे अंतर मे महिन्याच्या उत्तरार्धात, पारा रोज 44 अंशांच्या आसपास जात असताना, आम्ही तिघांनी कोणताही गंभीर त्रास न होता पार केले. ते शक्य झाले, कारण प्रवासाची आखणी आम्ही किलोमीटरवर न करता घड्याळावर केली होती. सकाळी साडेनऊ वाजता आम्ही जिथे असू तिथे सायकल थांबेल, मग सेवाग्राम समोर दिसत असले तरी चालेल, असे निघण्यापूर्वीच ठरले होते. उन्हाळ्यात याहून महत्त्वाचा नियम नाही असे माझे मत आहे, कारण दमलेल्या आणि तापलेल्या माणसाचा निर्णय बहुधा "आता थोडेच राहिले आहे" असाच असतो.

पहाटे चार वाजता निघालो. मे महिन्यात नागपुरात सूर्योदय साडेपाचच्या सुमारास होतो, त्यामुळे पहिला दीड तास अंधाराचा असतो. बुटीबोरीपर्यंतचा रस्ता मालमोटारींचा आहे, म्हणून मागचा लाल दिवा आणि चमकणारी पट्टी असलेला अंगरखा या मोसमात पाण्याइतकाच आवश्यक समजावा. समृद्धी महामार्ग जवळून जात असला तरी त्यावर सायकलला परवानगी नाही. बुटीबोरीहून वर्ध्याकडे वळणारा मार्ग धरावा. हा रस्ता रुंद आणि चांगला आहे, परंतु सावली कमी आहे. रुंद रस्त्यावर कडेची झाडे दूर पडतात आणि त्यांची सावली सायकलस्वारापर्यंत पोहोचत नाही, याचा विचार थांबे ठरवतानाच करावा.

पहिला मोठा थांबा केळझरला घेतला. गणपतीच्या दर्शनाला येणाऱ्यांमुळे तेथे पहाटेही जाग असते. येथे पाण्याबद्दल सविस्तर सांगितले पाहिजे. सायकल चालवताना स्नायूंनी खर्च केलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव भाग चाकापर्यंत पोहोचतो आणि उरलेल्या सगळ्याची उष्णता होते. हवा त्वचेपेक्षा थंड असेपर्यंत वारा ही उष्णता वाहून नेतो, पण हवा 35 अंशांच्या पलीकडे गेली की तोच वारा शरीर तापवू लागतो आणि घाम वाळणे हा एकच मार्ग उरतो. एक लिटर घाम त्वचेवर पूर्ण वाळला तर तो सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. विदर्भाच्या कोरड्या हवेत हे काम फार उत्तम होते आणि त्यातच धोका आहे, कारण घाम दिसतच नाही. कोकणात मे महिन्यात अंगातून धारा वाहतात, त्यामुळे पाणी किती जात आहे हे कळते. इथे मात्र अंग कोरडे राहते आणि काळ्या कपड्यावर मिठाचे पांढरे डाग उमटले की मगच अंदाज येतो. म्हणून तहानेवर विसंबून न राहता दर पंधरा-वीस मिनिटांनी चार घोट घ्यावेत आणि प्रत्येक थांब्यावर लघवीचा रंग पाहावा. गडद पिवळा रंग दिसला तर पुढे निघू नये.

नुसते पाणी ढोसत राहणेही योग्य नाही. घामातून मीठ जाते आणि भरपाई केवळ पाण्याने केली तर रक्तातील सोडियम खाली येऊन डोके दुखणे, मळमळ, गोंधळल्यासारखे होणे असे त्रास सुरू होतात. हे त्रास ऊन लागल्यासारखेच वाटतात, त्यामुळे माणूस आणखी पाणी पितो. आम्ही एका बाटलीत साधे पाणी आणि दुसरीत ओआरएस ठेवले होते. पाकिटावर जितके पाणी सांगितले असेल तितकेच घालावे. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ हे घरगुती प्रमाण सर्वमान्य आहे, चमचा चहाचा घ्यावा. मीठ घातलेले ताक आणि कैरीचे पन्हे हेही उपयोगी आहेत. खिशात कांदा ठेवण्याची आपल्याकडची जुनी पद्धत मी पाळत नाही, कारण खिशातल्या कांद्याने शरीराचे तापमान उतरत नाही.

या प्रवासात सर्वाधिक उपयोग झाला तो सुती दुपट्ट्याचा. तो भिजवून मानेभोवती आणि हेल्मेटच्या खाली डोक्यावर घेतला की कोरड्या वाऱ्यात वीस-पंचवीस मिनिटे खरा गारवा मिळतो. वाळ्याच्या ताट्या लावलेला कूलर खोली गार करतो तो याच तत्त्वाने. बाटलीवर ओला पायमोजा चढवला तरी पाणी पिण्याजोगे राहते. दमट हवेत मात्र या दोन्ही युक्त्यांचा फारसा उपयोग होत नाही, म्हणून किनाऱ्यावर जाणाऱ्यांनी त्यांवर भिस्त ठेवू नये. अंगात फिक्या रंगाचा, सैल, पूर्ण बाह्यांचा सदरा असावा, कारण उघड्या हातांना वारा लागतो तसेच ऊनही लागते.

सेलूच्या पुढे आमच्यापैकी एकाचे डोके जड झाले. आम्ही लगेच कडुलिंबाखाली थांबलो, त्याला आडवे करून पाय उंच ठेवले, अंगावर पाणी शिंपडून दुपट्ट्याने वारा घातला आणि ओआरएस हळूहळू पाजले. अर्ध्या तासात तो पूर्ण सावध झाला आणि उरलेले अंतर आम्ही अगदी संथपणे कापले. अशा वेळी माणूस असंबद्ध बोलू लागला, त्याचा तोल जाऊ लागला किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजावा. मग त्याला तोंडाने काहीही देऊ नये, 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत मिळेल तितक्या पाण्याने अंग भिजवून वारा घालत राहावे. थंड करण्याचे काम रुग्णालयात पोहोचेपर्यंत थांबवायचे नसते. सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय आहे, ही माहिती या मार्गावरच्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी.

पवनारला धाम नदीकाठी विनोबांच्या आश्रमाजवळ थोडे टेकून नऊच्या आत सेवाग्राम गाठले. गांधीजी 1936 मध्ये येथे राहायला आले. बापू कुटीच्या जाड मातीच्या भिंती, कौलारू छप्पर आणि खाली उतरलेले ओसरीचे पाखे पाहिले की या उन्हाचा विचार करून बांधलेले घर कसे असते ते समजते. दुपार सावलीतच काढावी. मुक्कामाची चौकशी मात्र आधीच करून ठेवावी.

परतताना हाच क्रम ठेवावा आणि शक्य असल्यास आणखी अर्धा तास लवकर निघावे, कारण आदल्या दिवशीचा थकवा अंगात असतो. चाकात हवा पहाटे नेहमीपेक्षा किंचित कमी भरावी, तापलेल्या रस्त्यावर तिचा दाब आपोआप वाढतो. रस्त्याच्या कडेला बाभळीचे काटे असतात आणि पंक्चरच्या सोल्यूशनची उघडलेली ट्यूब उन्हात वाळून जाते, तेव्हा न उघडलेली ट्यूब आणि एक जादा आतली ट्यूब सोबत घ्यावी. ज्यांना उन्हात व्यायामाची सवय नाही त्यांनी त्याआधी आठ-दहा दिवस रोज थोडा वेळ, हळूहळू वाढवत, सकाळच्या उन्हात सायकल चालवावी. शरीराला घाम लवकर आणि अधिक येण्याची सवय लागायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. ताप, जुलाब किंवा अपुरी झोप झाली असेल त्या दिवशी वर्ध्याहून रेल्वेने परतावे. सायकल सामानाच्या डब्यात टाकण्याची व्यवस्था कोणत्या गाडीला होते, हे स्थानकावर आदल्या दिवशीच विचारून घ्यावे.