ढोकळ्यावरचे लाल ठिपके

ढोकळा वाफवून बाहेर काढला की पिवळ्या वडीवर मध्येच तांबडे डाग दिसतात. बेसन खराब नसतं आणि हळदीतही भेसळ नसते. त्या जागी खाण्याचा सोडा आम्लाशिवाय उरलेला असतो, एवढंच.

हळद हा दर्शक आहे, म्हणजे पदार्थ आम्ल आहे की आम्लारी (आम्लाच्या उलट) ते रंगावरून दाखवणारा. आम्लात ती पिवळीच राहते, सामू (pH; 7 च्या खाली आम्ल, वर आम्लारी) 8 च्या पुढे गेला की लालसर होऊ लागते. हळदीत चुना कालवून कुंकू होतं ते यामुळेच. सोड्याच्या नुसत्या द्रावणाचा सामू 8.3 च्या आसपास, म्हणजे रंग जेमतेम बदलेल. पण वाफेच्या उष्णतेने उरलेल्या सोड्याचं विघटन होऊन सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा तयार होतो. तो चांगलाच आम्लारीधर्मी, सामू 11 च्या घरात. डाग तिथे उठतो आणि साबणासारखी चवही तिथेच लागते. शिवाय नुसत्या उष्णतेवर सोडा निम्माच कार्बन डायऑक्साइड सोडतो, त्यामुळे ढोकळा फुगतही नाही.

हिशेब सोपा आहे. 84 ग्रॅम सोड्याला 70 ग्रॅम सायट्रिक अॅसिड लागतं (बाजारातले खडे बहुधा पाणी धरलेले असतात, हा आकडा त्यांचा). अर्धा सपाट चमचा सोडा म्हणजे साधारण 2.4 ग्रॅम, त्याला 2 ग्रॅम अॅसिड. यातून खोलीच्या तापमानाला पाऊण लिटरच्या जरा खाली वायू निघतो. 200 ग्रॅम बेसनाला तो पुरतो.

घरच्या काट्यावर 2 ग्रॅम नीट मोजता येत नाहीत. म्हणून 10 ग्रॅम अॅसिड पाण्यात विरघळवून एकूण 100 मिली करा आणि त्यातलं 20 मिली घ्या. लिंबूच वापरायचं तर रसात साधारण 5 ते 6 टक्के सायट्रिक अॅसिड असतं, म्हणजे दोन मोठे चमचे रस कसाबसा पुरेल. दह्यावर मात्र विसंबू नका. त्याचा आंबटपणा रोज वेगळा.

आम्ल, मीठ, साखर, पाव चमचा हळद आधी पिठात घाला. मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवा, थाळीला तेल लावून घ्या. मग सोडा गाळणीतून चाळून दोन चमचे गार पाण्यात पूर्ण विरघळवा. बहुतेक डाग इथल्या आळसाचे असतात: दमट हवेत सोड्याच्या गुठळ्या होतात, त्या तशाच पिठात जातात आणि गुठळीच्या आत आम्ल पोचत नाही. एकाच दिशेने ढवळा म्हणतात, त्याला रसायनशास्त्रात काही आधार नाही. सगळीकडे सारखं मिसळलं पाहिजे. फेस आला की लगेच थाळीत ओतून 15 ते 20 मिनिटं वाफवा. रेंगाळलात तर वायू उडून जातो.

फ्रूट सॉल्टमध्ये सोडा आणि सायट्रिक अॅसिड दोन्ही आधीच असतात, त्यामुळे डाग क्वचित पडतात. त्यावर आणखी लिंबू घातलं तर ढोकळा आंबट होणारच.

डाग पडलेच तर फोडणीच्या साखरपाण्यात लिंबू पिळून ते वरून ओता. लाल रंग पिवळ्यावर येतो आणि साबणाची चवही बरीच जाते. फुगायचं राहिलं असेल तर मात्र आता इलाज नाही.